बुद्धी कृत्रिम, नफा खरा

राजधानीतील सत्तावर्तुळाला दर दहा-पंधरा वर्षांनी एका नव्या मंत्राची गरज भासते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो मंत्र 'माहिती तंत्रज्ञान' हा होता. २००५ नंतर त्याची जागा 'विशेष आर्थिक क्षेत्रा'ने घेतली. आज हा मान 'कृत्रिम बुद्धिमत्ते'कडे, बोली भाषेत एआयकडे, आला आहे. मंत्र बदलला तरी विधी मात्र ठरलेला आहे. प्रथम एखादी सल्लागार संस्था डोळे दिपवणारा आकडा जाहीर करते, मग तो आकडा सरकारी दस्तऐवजात शिरतो, त्याच्या आधारे तिजोरीतून तरतूद होते, करसवलती दिल्या जातात, आणि हे सारे पुरते स्थिरावल्यावर कोणीतरी विचारतो की लाभ झाला तो नेमका कोणाला. हा प्रश्न वेळेवर विचारण्याचे काम लोकशाहीत संसदेकडे सोपवलेले असते. एआयच्या बाबतीत संसदेने ते अद्याप गांभीर्याने हाती घेतलेले नाही, ही या क्षणाची खरी चिंता आहे.

जगाचा सूर कसा पालटला हे पाहायचे असेल तर शिखर परिषदांच्या नावांकडे पाहावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधील ब्लेचली पार्क येथे पहिली परिषद भरली, तिच्या नावात 'सुरक्षितता' हा शब्द होता. फेब्रुवारी २०२५ मधील पॅरिसच्या परिषदेचे सहअध्यक्षपद पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी भूषविले, तिथे 'सुरक्षितता' जाऊन 'कृती' आली. फेब्रुवारी २०२६ मध्ये नवी दिल्लीत भारत मंडपम येथे हा सोहळा झाला, तेव्हा 'कृती'च्या जागी 'प्रभाव' हा शब्द बसला होता. अडीच वर्षांपूर्वी जी सरकारे या तंत्रज्ञानाच्या धोक्यांविषयी बोलत होती, ती आता गुंतवणुकीच्या घोषणा करण्यात एकमेकांशी स्पर्धा करीत आहेत. धोके या काळात नाहीसे झालेले नाहीत. पैशाचा ओघ मात्र अनेक पटींनी वाढला आहे.

आता आकड्याची गोष्ट. नीती आयोगाने जून २०१८ मध्ये एआयविषयीचे राष्ट्रीय धोरणपत्र प्रसिद्ध केले. २०३५ पर्यंत या तंत्रज्ञानामुळे भारतीय अर्थव्यवस्थेत ९५७ अब्ज डॉलरची भर पडू शकते, असे त्यात नमूद होते. हा अंदाज आयोगाने स्वतः बांधलेला नव्हता, तो अ‍ॅक्सेंचर या बहुराष्ट्रीय सल्लागार कंपनीचा होता. कंपन्यांना आणि सरकारांना नवे तंत्रज्ञान बसवून देणे हाच या कंपनीचा व्यवसाय आहे. औषध विकणाऱ्यानेच रोगाचे निदान करावे आणि गुण किती येईल तेही त्यानेच सांगावे, यात कायद्याने काही गैर नाही. परंतु रुग्णाने निदान दुसरीकडून तपासून घ्यायचे असते, एवढा व्यवहार तर सामान्य माणसालाही कळतो. अर्थशास्त्राचे २०२४ चे नोबेल मिळालेले डॅरन असेमोग्लू यांनी त्याच वर्षी याविषयीचे आपले गणित मांडले. येत्या दहा वर्षांत एआयमुळे अमेरिकेच्या एकूण घटक उत्पादकतेत पडणारी भर, वार्षिक नव्हे तर दहाही वर्षांची मिळून, एका टक्क्याहून कमी असेल असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्यांचे गणित चुकूही शकेल. पण आपल्या धोरणकर्त्यांच्या भाषणांत अब्जांचे आकडे येतात आणि असेमोग्लू येत नाहीत, ही निवड पुरेशी बोलकी आहे.

लग्न कोणाचेही असो, ते टिको वा मोडो, मांडववाल्याचे भाडे ठरलेले असते. एआयच्या या मांडवात ते भाडे प्रामुख्याने एनव्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीला मिळते. २०२३ च्या मध्यास तिचे बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरला पोहोचले, ऑक्टोबर २०२५ मध्ये ते पाच लाख कोटी डॉलरवर गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये याच कंपनीने चॅटजीपीटीची जनक असलेल्या ओपनएआयमध्ये १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक करण्याचे इरादापत्र जाहीर केले. ओपनएआय त्या बळावर जी संगणन क्षमता उभारणार, ती एनव्हिडियाच्याच चिपांवर. विक्रेत्याने ग्राहकाला पैसे द्यायचे, ग्राहकाने त्याच पैशांतून विक्रेत्याचा माल घ्यायचा आणि दोघांच्याही भरभराटीची वार्ता बाजारात पसरायची, असा हा मामला आहे. या क्षेत्रातील गुंतवणूकदार अतिउत्साहात वाहवले असल्याची कबुली ओपनएआयचे प्रमुख सॅम ऑल्टमन यांनी ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतःच दिली होती.

फुगा फुटला तर फुटला, त्यात आपले काय जाते, असे कोणी म्हणेल. त्याने २००१ चे स्मरण ठेवावे. अमेरिकेतील डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर मुंबईच्या शेअर बाजारात केतन पारेख प्रकरण उजेडात आले. 'के-१०' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समभागांची, ज्यांत माहिती तंत्रज्ञान व दूरसंचार कंपन्यांचा भरणा होता, माती झाली. माधवपुरा मर्कंटाइल ही सहकारी बँक कोसळली. त्याच वर्षी जुलैमध्ये युनिट ट्रस्टने यूएस-६४ योजनेतील खरेदी-विक्री स्थगित केली आणि सुमारे दोन कोटी युनिटधारकांच्या पायाखालची जमीन सरकली. निवृत्तीची पुंजी त्यात ठेवणाऱ्या मराठी मध्यमवर्गाला तो जुलै आजही आठवत असेल. संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, तिचा अहवाल डिसेंबर २००२ मध्ये आला. तेजीचा नफा ज्यांनी घेतला ते आणि मंदीचा तोटा ज्यांनी सोसला ते, हे दोन वेगळे वर्ग होते. त्या प्रकरणाचा खरा धडा हाच होता.

या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारच्या 'इंडिया एआय मिशन'कडे पाहिले पाहिजे. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपयांच्या या योजनेस मंजुरी दिली. त्यापैकी ४,५६३.३६ कोटी, म्हणजे सुमारे ४४ टक्के रक्कम, संगणन क्षमतेसाठी आहे. या क्षमतेचा कणा आयात केलेल्या चिपा आहेत. स्टार्टअपच्या वित्तपुरवठ्यासाठी १,९४२.५० कोटी आहेत. आणि 'सुरक्षित व विश्वासार्ह एआय' या घटकासाठी? २०.४६ कोटी. हजार रुपयांच्या खर्चात सुरक्षिततेच्या वाट्याला दोन रुपये आले आहेत. सरकारचा प्राधान्यक्रम भाषणांपेक्षा तरतुदींतून अधिक प्रामाणिकपणे प्रकट होतो. खर्चाचेही तसेच. २०२४-२५ साठी ५५१.७५ कोटींची तरतूद झाली, सुधारित अंदाजात ती १७३ कोटींवर आली. पुढील वर्षासाठी एकदम २,००० कोटी ठेवण्यात आले. खर्च का झाला नाही आणि वाढ कशाच्या बळावर झाली, याची उलटतपासणी सभागृहात व्हायला हवी होती.

या योजनेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खासगी बाजारात जे दर परवडणे अशक्य, त्याच्या काही अंशात विद्यापीठांना व नवउद्योगांना संगणन उपलब्ध करून देणे हा हेतू चांगलाच आहे. भारतीय भाषांची प्रारूपे भारतात घडावीत, यालाही कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो इतकाच, की सार्वजनिक पैशाने उभ्या राहिलेल्या या क्षमतेचा वापर कोणी, कशासाठी केला आणि त्यातून जनतेच्या मालकीचे काय निर्माण झाले, याचा हिशेब देण्याची नियमित व्यवस्था दिसत नाही.

तरतुदीपेक्षा मोठा विषय सवलतींचा आहे. गुगलने ऑक्टोबर २०२५ मध्ये विशाखापट्टणम येथे पाच वर्षांत १५ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. दोन महिन्यांनी मायक्रोसॉफ्टने साडेसतरा अब्ज डॉलरचा आकडा जाहीर केला, दुसऱ्याच दिवशी अ‍ॅमेझॉनने २०३० पर्यंत ३५ अब्ज डॉलरचा. गुगलच्या प्रकल्पासाठी आंध्र सरकारने सुमारे २२ हजार कोटी रुपयांच्या सवलती दिल्याचा आक्षेप कर्नाटकचे माहिती तंत्रज्ञान मंत्री प्रियांक खर्गे यांनी घेतला. त्यात शेजारच्या राज्याशी असलेल्या स्पर्धेचा भाग उघड आहे. पण आक्षेप असूयेपोटी असला तरी प्रश्न खोटा ठरत नाही. जमीन, पाणी आणि वीज या तीन गोष्टी डेटा केंद्राला अफाट लागतात. बांधकाम संपल्यावर माणसे मात्र फारच थोडी लागतात. देशातील डेटा केंद्रांचा सर्वांत मोठा पसारा मुंबई-नवी मुंबई परिसरात असल्याने महाराष्ट्राने या हिशेबाकडे तर अधिकच बारकाईने पाहायला हवे.

त्यावर कळस चढवला तो २०२६-२७ च्या अर्थसंकल्पाने. भारतातील डेटा केंद्रांतून जगभरच्या ग्राहकांना क्लाउड सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांना २०४७ पर्यंत करमाफी देण्याची घोषणा अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी केली. भारतीय ग्राहकांना सेवा देताना भारतीय मध्यस्थ कंपनीमार्फतच द्यावी लागेल, अशी अट त्यात आहे. सवलत नसती तर ही गुंतवणूक अन्य देशांत गेली असती, हा सरकारचा युक्तिवादही दखल घेण्याजोगा आहे. तरीही २०४७ पूर्वी या देशात नियमानुसार चार सार्वत्रिक निवडणुका व्हायच्या आहेत. त्या चार लोकसभांचे हात आज बांधताना आपण किती महसूल सोडतो आहोत, याचा अंदाज तरी जनतेपुढे यायला नको काय?

विशेष आर्थिक क्षेत्रांचा अनुभव काही फार जुना नाही. २००५ मध्ये कायदा झाला तेव्हाही निर्यात आणि रोजगाराचे असेच सोनेरी चित्र रेखाटले गेले होते. रायगडच्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध लढा दिला, २००८ मध्ये २२ गावांत जनमत घ्यावे लागले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१४ मध्ये आला तेव्हा कळले की २००६-०७ ते २०१२-१३ या काळात ८३ हजार कोटींहून अधिक रकमेच्या करसवलती दिल्या गेल्या, आणि अधिसूचित जमिनीचा मोठा भाग वापराविनाच पडून होता. हिशेब झाला, पण जमीन आणि महसूल हातचे गेल्यानंतर.

सामान्य ग्राहकापर्यंत हा उत्सव 'मोफत'च्या रूपाने पोहोचला आहे. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने आपल्या ३६ कोटी ग्राहकांना पर्प्लेक्सिटीची सशुल्क सेवा वर्षभर फुकट देऊ केली. ऑक्टोबरात जिओने गुगलच्या जेमिनीची ३५,१०० रुपये मूल्याची सेवा दीड वर्षासाठी विनामूल्य जाहीर केली, नोव्हेंबरात ओपनएआयनेही तेच केले. व्यापारी फुकट वाटू लागला की त्याला मोबदला दुसरीकडून मिळत असतो, हे आपल्या बाजारहाटाचे शहाणपण आहे. इथे तो मोबदला म्हणजे वापरकर्त्यांची संख्या, जी दाखवून कंपनीचे मूल्य वाढते. आणि त्यांची भाषा, जिच्यातून प्रारूपे सुधारता येतात. कोट्यवधी भारतीयांचा हिंदी, तमिळ, मराठीतील संवाद हा या उद्योगाचा कच्चा माल आहे. तो देताना आपण काही देत आहोत याची जाणीवही देणाऱ्याला नसते.

रोजगाराच्या आघाडीवर तर आश्वासन आणि धमकी दोन्ही एकाच तोंडातून ऐकू येतात. कार्यालयीन क्षेत्रातील प्रवेशस्तरावरच्या निम्म्या नोकऱ्या एक ते पाच वर्षांत जाऊ शकतात, असे अँथ्रॉपिक या एआय कंपनीचे प्रमुख दारिओ अमोदेई मे २०२५ मध्ये म्हणाले. इशारा प्रामाणिक असेलही. पण यंत्र इतके सामर्थ्यवान आहे की त्याची भीती वाटावी, ही यंत्राची जाहिरातही असतेच. त्याच वर्षी जुलैमध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार, म्हणजे दोन टक्के, कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. पुण्यातील कर्मचारी संघटनेने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे दाद मागितली. एआयचा गाजावाजा असा दोन्हीकडून सोयीचा ठरतो. गुंतवणूकदारांपुढे कार्यक्षमतेचे श्रेय त्याला द्यायचे, आणि कर्मचारी जाब विचारू लागले की त्याचे नावही काढायचे नाही.

येथवरची चर्चा पैशाची झाली. पण ज्यांचा शेअर बाजाराशी वा क्लाउडशी काडीचा संबंध नाही, त्यांच्या ताटापर्यंत हे प्रकरण गेले आहे. तेलंगणात 'समग्र वेदिका' नावाची प्रणाली निरनिराळ्या खात्यांतील नोंदी जुळवून शिधापत्रिकेची पात्रता ठरवण्यासाठी वापरली गेली. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या. हैदराबादमधील एका रिक्षाचालकाच्या कुटुंबाला केवळ नामसाधर्म्यामुळे मोटारमालक ठरवून त्यांचे धान्य बंद करण्यात आल्याचे पत्रकारांनी उघडकीस आणले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०२२ मध्ये रद्द झालेल्या पत्रिकांची प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळणी करण्याचा आदेश निघाला. जे काम तलाठ्याने वा पुरवठा निरीक्षकाने आधी करायचे, ते न्यायालयाला नंतर करून घ्यावे लागले.

या घटनेतून आपण शिकलो काय? १ जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून गरोदर व स्तनदा मातांना घरी न्यायला मिळणाऱ्या पोषण आहारासाठी चेहरा ओळख प्रणाली सक्तीची झाली. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात दिलेल्या उत्तरानुसार ८० टक्के साम्य आढळले की ओळख पटली असे ते मानतात. उरलेल्या २० टक्क्यांत एखाद्याचे आयुष्य अडकू शकते, याचा विचार कोणत्या नियमावलीत आहे? यंत्राची चूक कारकुनाच्या चुकीपेक्षा घातक असते, कारण कारकुनाकडे खेटे घालता येतात, त्याच्या वरिष्ठाकडे जाता येते. यंत्राने नाकारले तर खिडकीवरचा माणूसही 'सिस्टीममध्ये येत नाही' एवढेच सांगतो आणि मोकळा होतो.

याचा अर्थ हे तंत्रज्ञान निरुपयोगी आहे असा नव्हे. बारामतीच्या कृषी विकास ट्रस्टने उसाच्या शेतीत केलेल्या प्रयोगाची दखल मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांनी जानेवारी २०२५ मध्ये घेतली. उपग्रहाची चित्रे, मातीतील संवेदक आणि कृषिशास्त्रज्ञांचा सल्ला यांची सांगड घालून पाणी व खत वाचत असेल तर ते स्वागतार्हच आहे. खुद्द लोकसभा सचिवालयाने 'संसद भाषिणी' उपक्रमाद्वारे भाषांतराला यंत्राची जोड देण्याचे ठरवले आहे. मराठी खासदाराचे भाषण तमिळ खासदारास समजत असेल तर त्यात संघराज्याचेच हित आहे. अशा प्रत्येक उपयोगाची परीक्षा त्याच्या निकालावर व्हावी. एका उसाच्या फडातील यश दाखवून शिधावाटपातील अपयश झाकले जाऊ नये, इतकीच अपेक्षा आहे.

मग संसद काय करते आहे? अनुदानाच्या बहुतेक मागण्या दरवर्षी चर्चेविना गिलोटिनखाली जातात. २०२३ मध्ये तर एकाही मंत्रालयाच्या मागण्यांवर लोकसभेत चर्चा झाली नाही. वैयक्तिक डेटा संरक्षण विधेयक ऑगस्ट २०२३ मध्ये आवाजी मतदानाने संमत झाले. सरकारी यंत्रणांना त्याच्या कक्षेतून वगळण्याची मुभा त्यात आहे, शिवाय त्याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलमही आकुंचित केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने एआयविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नसल्याचे सांगितले. घाईने केलेला कायदा नवउद्योगांच्या मुळावर येईल, ही भीती अगदीच निराधार नाही. पण सरकार नागरिकावर जे यंत्र चालवते, त्यावर बंधन घातल्याने कोणता नवउद्योग बुडणार आहे? या प्रश्नावर विरोधकांचाही आवाज क्षीण आहे, कारण जवळपास प्रत्येक पक्षाचे कोठे ना कोठे राज्य आहे आणि प्रत्येक राज्याला डेटा केंद्र हवे आहे. तेलंगणात ती प्रणाली राबवणारे सरकारही भाजपचे नव्हते.

नेदरलँड्सच्या संसदेने वेगळा मार्ग दाखवला. तेथील कर खात्याने बालसंगोपन भत्त्यातील गैरप्रकार शोधण्यासाठी संगणकीय जोखीमप्रणाली वापरली. तिच्या व निर्दय नियमांच्या आधारे हजारो निरपराध पालकांवर ठपका आला, कुटुंबे कर्जात बुडाली. संसदीय चौकशी समितीने डिसेंबर २०२० मध्ये या अन्यायावर कठोर अहवाल दिला आणि पुढच्याच महिन्यात मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. यंत्राच्या चुकीची राजकीय जबाबदारी माणसाने घ्यायची असते, हे तत्त्व तिथे प्रस्थापित झाले.

आपल्याकडे मंत्रिमंडळ पाडण्याची आवश्यकता नाही. तीन साध्या गोष्टी पुरेशा आहेत. कल्याणकारी योजनांची पात्रता ठरवणारी प्रत्येक संगणकीय प्रणाली, तिची निर्माती कंपनी, तिचा खर्च व तिने नाकारलेल्यांची संख्या यांची नोंद दरवर्षी सभापटलावर ठेवली जावी, आणि कोणाचेही धान्य वा पेन्शन नावानिशी जबाबदार अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाविना बंद होऊ नये. दुसरे, २०४७ पर्यंतच्या करमाफीने किती महसूल सुटतो हे अर्थसंकल्पासोबतच्या करसवलतींच्या विवरणात वेगळे दाखवले जावे, आणि राज्यांनीही आपापल्या सवलतींचे करार विधिमंडळांपुढे मांडावेत. तिसरे, इंडिया एआय मिशनचे लेखापरीक्षण योजना संपण्याची वाट न पाहता सुरू व्हावे. भारताकडे जी-२० चे अध्यक्षपद असताना २०२३ मध्ये गोव्यात जमलेल्या सर्वोच्च लेखापरीक्षण संस्थांपुढे 'जबाबदार एआय' हा विषय आपल्याच महालेखापरीक्षकांनी ठेवला होता. जगाला दिलेला तो पाठ घरीही गिरवायला हरकत नसावी.

यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही, अब्जावधी डॉलर तर नाहीतच. लागतो तो प्रश्नोत्तराच्या तासाला उभा राहून पूरक प्रश्न विचारणारा, आणि मंत्र्याने दिलेले आश्वासन तीन महिन्यांनी आश्वासन समितीकडे नेऊन त्याचा पाठपुरावा करणारा खासदार. विशेष आर्थिक क्षेत्रांचा हिशेब यायला नऊ वर्षे लागली, तेव्हा पणाला लागली होती ती जमीन आणि महसूल. या वेळी त्यांच्या जोडीला शिधापत्रिका आहे. तिला नऊ वर्षे थांबता येत नाही.